आवाज न करणारा डोंगर: यूएसएस कनेक्टिकटच्या अपघाताचा अभ्यास

7 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकी नौदलाच्या पॅसिफिक ताफ्यानं मोजक्या ओळींचं एक निवेदन काढलं. यूएसएस कनेक्टिकट ही अणुशक्तीवर चालणारी हल्ला पाणबुडी 2 ऑक्टोबरच्या दुपारी, पाण्याखाली असताना, ‘एका वस्तूला’ धडकली. पाणबुडी सुरक्षित आणि स्थिर आहे, अणुभट्टीला आणि तिला पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेला काही झालेलं नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही. जागा? हिंद-प्रशांत क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय पाणी. ती जागा दक्षिण चीन समुद्रात होती, हे अधिकाऱ्यांकडून पत्रकारांना कळलं. 11 जण जखमी झाले होते, त्यांतल्या दोघांना जरा जास्त लागलं होतं.

घटना आणि निवेदन यांच्यात पाच दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी, 8 ऑक्टोबरला, पाणबुडी पृष्ठभागावरूनच पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकी बेटावर पोचली. ‘वस्तू’ काय होती यावर महिनाभर तर्क चालले: बुडालेला कंटेनर, दुसऱ्या देशाची पाणबुडी, एखादं चालकरहित यान. 1 नोव्हेंबरला नौदलानं सांगितलं, की तो समुद्राच्या तळावरचा, नकाशात नसलेला डोंगर होता.

जगातल्या सर्वांत शांत पाणबुड्यांपैकी एक पाणबुडी लाखो वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या डोंगरावर आदळते, यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि तेव्हा लोक हसलेही. पण अपघाताचे तपशील एकेक करून पाहिले की लक्षात येतं, की ज्या गुणासाठी ही पाणबुडी बांधली गेली त्याच गुणाचा या धडकेत मोठा हात होता.

ताकास तूर लागू न देणारं यंत्र

कनेक्टिकट ही सीवुल्फ वर्गाची दुसरी पाणबुडी. 1998 च्या डिसेंबरमध्ये ती नौदलात दाखल झाली. लांबी साधारण 107 मीटर, पाण्याखालचं वजन नऊ हजार टनांच्या वर, आठ टॉर्पेडो नळ्या. हा वर्ग शीतयुद्धाच्या शेवटच्या दशकात आखला गेला. तोवर सोव्हिएत पाणबुड्या गोंगाटी असत आणि अमेरिकेला त्या दुरून ऐकू येत. 1980 च्या दशकात त्या झपाट्यानं शांत होऊ लागल्या. त्यामागे दोन गोष्टींचा हात असल्याचं मानलं जातं. एक म्हणजे सोव्हिएतांना गुपितं पुरवणारा आणि 1985 मध्ये पकडला गेलेला जॉन वॉकर हा अमेरिकी नौदलातला हेर. दुसरी म्हणजे 1987 मध्ये उघड झालेलं जपानी आणि नॉर्वेजियन कंपन्यांचं तोशिबा-कॉंग्सबर्ग प्रकरण, ज्यात पाणबुडीला पुढे ढकलणारे पंखे अचूक घडवणारी यंत्रं निर्यातबंदी मोडून सोव्हिएत गोदीत पोचली होती. ऐकण्यातली आघाडी टिकवण्यासाठी अमेरिकेनं सीवुल्फ मांडली. 29 बांधायचं ठरलं होतं. सोव्हिएत संघ विरघळला, एकेका पाणबुडीची किंमत तीन अब्ज डॉलरच्या घरात गेली, आणि तीनवर काम थांबलं. हा तीनचा आकडा पुढे महत्त्वाचा आहे.

पाणबुडी शांत करायची म्हणजे काय करायचं? पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, आणि लांबवर टिकतो. उजेड, रडार आणि रेडिओलहरी मात्र खाऱ्या पाण्यात लवकरच विरतात. म्हणून खोल समुद्रात शत्रूला सापडायचं ते मुख्यतः आवाजानंच. टर्बाइन, गिअर, पंप ही सगळी थरथरणारी मंडळी एका मोठ्या तराफ्यासारख्या चौकटीवर बसवतात आणि ती चौकट रबरी आधारांवर ठेवतात, म्हणजे कंप कवचापर्यंत पोचत नाही. कवचावर बाहेरून रबरासारख्या फरशा चिकटवतात. त्या शत्रूच्या सोनारचा, म्हणजे आवाजानं शोध घेणाऱ्या यंत्रणेचा, आवाज शोषतात आणि आतला आवाज बाहेर जाऊ देत नाहीत. उघड्या पंख्याभोवती पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, तो आवाज फार लांब जातो. सीवुल्फमध्ये उघड्या पंख्याऐवजी नळकांड्यात बसवलेला पंप-जेट आहे. या वर्गाची पाणबुडी बऱ्यापैकी वेगात असतानाही धक्क्याला बांधलेल्या जुन्या लॉस एंजेलिस वर्गाच्या पाणबुडीपेक्षा शांत असते, असं नौदल सांगत आलं आहे. दाव्यातली थोडी फुशारकी वजा केली तरी गोष्ट मोठी आहे.

(जाता जाता: याच कनेक्टिकटनं 2003 मध्ये आर्क्टिकचा बर्फ फोडून डोकं वर काढलं होतं, तेव्हा एका ध्रुवीय अस्वलानं तिच्या सुकाणूचा चावा घेऊन पाहिला होता. माग लागू न देण्यासाठी केलेला सगळा खर्च त्या अस्वलापुढे फुकट गेला.)

फक्त ऐकायचं, विचारायचं नाही

सोनार दोन प्रकारे वापरता येतो. स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा, हा एक. दुसऱ्यात आपण गप्प बसून इतरांचे आवाज टिपायचे. पाणबुडीला पहिला प्रकार परवडत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. सोडलेल्या आवाजाला समोरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत यायचं असतं, दोन्ही वाटांवर तो क्षीण होत जातो. तिथं बसून ऐकणाऱ्याला मात्र एकेरी वाटेवरचा जोरदार आवाज मिळतो. तुम्हाला तो सापडण्याच्या खूप आधी तुम्ही त्याला सापडता. म्हणून हल्ला पाणबुडी आयुष्यातला बहुतेक काळ कानात तेल घालून ऐकत असते आणि स्वतः अवाक्षर काढत नाही.

या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे: जे धोकादायक आहे ते आवाज करतं. जहाजाचा पंखा, टॉर्पेडो, दुसऱ्या पाणबुडीचा पंप यांच्या बाबतीत हे खरं आहे. डोंगर आवाज करत नाही. सर्वांत भारी सोनारनंही तो नुसता ऐकून कळत नाही. आपल्याइतकीच शांत दुसरी पाणबुडीही कळत नाही. 2009 च्या फेब्रुवारीत अटलांटिकमध्ये ब्रिटनची व्हॅनगार्ड आणि फ्रान्सची ल त्रियाँफां या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या एकमेकींवर घासल्या. आपण एखाद्या कंटेनरला धडकलो असं फ्रेंचांना आधी वाटलं होतं.

मग न बोलता, न पाहता वाट कशी काढायची? तीन गोष्टींवर. पहिली, जडत्वावर चालणारी दिशादर्शन यंत्रणा: जायरोस्कोप आणि त्वरणमापक पाणबुडीची प्रत्येक हालचाल मोजून आपण कुठे आलो याचा हिशेब ठेवतात. जीपीएसचे संकेत पाण्याखाली येत नाहीत, त्यासाठी अँटेना पाण्याबाहेर काढावी लागते. दुसरी गोष्ट नकाशा. तिसरी म्हणजे खोली मोजणारं फॅदोमीटर, जे तळाकडे अरुंद झोतात आवाज सोडतं. हा एवढाच आवाज पाणबुडी स्वतःला परवडवून घेते, कारण तो आडवा फारसा पसरत नाही. पण तो खाली पाहतो, पुढे पाहत नाही. सुरुंग आणि जवळचे अडथळे शोधणारा उच्च वारंवारतेचा सोनार या पाणबुड्यांवर असतो. त्याचा पल्ला कमी, आणि वेगात धावताना तो उपयोगी पडत नाही.

वेगाचा मुद्दा इथेच येतो. वेग वाढला की कवचावरून वाहणारं पाणी स्वतःच गोंगाट करू लागतं आणि पाणबुडीचे कान बधिर होतात. भरवेगातली पाणबुडी इतरांना जास्त ऐकू येते आणि तिला स्वतःला कमी ऐकू येतं.

नकाशात नसलेला, पण न कळण्यासारखा नव्हे

‘नकाशात नसलेला डोंगर’ हे शब्द ऐकले की दैवाचा फेरा वाटतो. मे 2022 मध्ये नौदलानं तपास अहवालाचा मोठा भाग जाहीर केला, आणि त्यातून दैव बाहेर पडलं. अपघात टाळता आला असता, असा स्पष्ट निष्कर्ष त्यात आहे: मार्गाची आखणी, ड्यूटीवरच्या तुकडीचं काम आणि जोखमीचा अंदाज, तिन्हींत चुका साचत गेल्या, आणि यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी नियम पाळले असते तरी धडक टळली असती.

मोहीम लढाईची नव्हती. एका नौसैनिकाला मानवतेच्या कारणास्तव लवकर उतरवायचं होतं, त्यासाठी पाणबुडी जपानच्या ओकिनावाकडे निघाली होती. वाट ज्या भागातून गेली त्याची तळमोजणी नीट झालेली नव्हती. आखलेल्या मार्गाच्या आसपास पाण्याखालचे किमान दहा धोके नकाशावर खूण करून ठेवायला हवे होते, ते केले गेले नाहीत. नेमका धडकेचा डोंगर नकाशात नसेलही, पण परिसर कसा आहे हे कागदावर दिसत होतं. जिथे दहा माहीत आहेत तिथे अकरावा असणार, एवढं दर्यावर्दी माणसाला शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. धडकेआधी फॅदोमीटर अपेक्षेपेक्षा उथळ पाणी दाखवत होतं. ड्यूटीवरच्यांच्या ते लक्षात आलं होतं, काळजीही वाटली होती. पण वेग उतरवून, थांबून, मार्ग बदलून खात्री करण्याइतकी ती वाढली नाही.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 8 जानेवारी 2005 रोजी लॉस एंजेलिस वर्गाची यूएसएस सॅन फ्रान्सिस्को ग्वामहून ब्रिस्बेनला निघाली असताना, 160 मीटर खोलीवर, पूर्ण वेगात, कॅरोलाइन बेटांच्या परिसरातल्या डोंगरावर आदळली. एक नौसैनिक दगावला, 98 जण जखमी झाले. तिनं वापरलेल्या नकाशात तो डोंगर नव्हता. जहाजावरच्याच दुसऱ्या एका नकाशात मात्र त्या जागेजवळ गढूळ पाण्याची, म्हणजे संभाव्य धोक्याची, खूण होती. ती कामाच्या नकाशावर उतरवली गेली नाही. तिथेही मोजलेली खोली नकाशाशी जुळत नव्हती.

त्या अपघातातला एक आकडा जवळून पाहण्यासारखा आहे. धडकेच्या साधारण चार मिनिटं आधी घेतलेल्या मोजणीत खाली 6,500 फूट पाणी होतं, म्हणजे जवळपास दोन किलोमीटर. 30 नॉट वेग धरला तर पाणबुडी सेकंदाला 15 मीटर जाते, चार मिनिटांत पावणेचार किलोमीटरच्या आत-बाहेर. एवढ्या अंतरात तळ दोन किलोमीटरवरून 160 मीटरवर आला. सरासरी चढ निघतो 26 अंशांच्या आसपास. ज्वालामुखीतून उभ्या राहिलेल्या सागरपर्वतासाठी यात नवल काही नाही. पण खाली पाहणारं उपकरण ‘दोन किलोमीटर पाणी आहे’ असं खरंच सांगत असताना समोर, चार मिनिटांवर, भिंत असू शकते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. लागोपाठचे आकडे कुठल्या दिशेला चालले आहेत आणि ते नकाशाशी जुळतात का, हे पाहायचं असतं. न जुळणारा पहिला आकडा हाच इशारा. पुढचा आकडा यायला कदाचित वेळच उरत नाही.

नकाशांची स्थिती अशी का? समुद्रतळाचा साधारण चौथा भागच आजवर आधुनिक पद्धतीनं मोजला गेला आहे. तो मोजायला जहाज पाठवून पट्ट्यापट्ट्यानं आवाज सोडत फिरावं लागतं, आणि वादग्रस्त पाण्यात ते कुणी कुणाला सुखानं करू देत नाही. उरलेल्या तळाचा अंदाज उपग्रहांवरून येतो. मोठ्या डोंगराच्या वस्तुमानाकडे आजूबाजूचं पाणी ओढलं जातं, त्यामुळे दोन किलोमीटर उंच डोंगराच्या वर समुद्राचा पृष्ठभाग साधारण दोन मीटर फुगतो. हा फुगवटा कित्येक किलोमीटर पसरलेला असल्यानं जहाजावरच्या माणसाला जाणवत नाही, उपग्रहावरच्या रडारला मोजता येतो. गंमत अशी, की या मोजणीचा एक मोठा साठा अमेरिकी नौदलाच्याच जिओसॅट उपग्रहानं 1985 पासून गोळा केला होता आणि 1995 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. अशा अंदाजातून ‘इथे काहीतरी उंच आहे’ एवढं कळतं. शिखर नेमकं किती खोलीवर आहे हे कळत नाही, आणि पाणबुडीला तर तेवढंच हवं असतं. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

वाचली कशी

इतक्या जोरात खडकावर आपटूनही दोन्ही पाणबुड्या पाण्यावर आल्या. त्याचं मूळ 10 एप्रिल 1963 मध्ये आहे. त्या दिवशी यूएसएस थ्रेशर खोल पाण्याच्या चाचणीत 129 जणांसह बुडाली. वर येण्यासाठी टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेनं बाहेर फेकायचा प्रयत्न तिनं केला होता. तो अपुरा पडला. नंतरच्या चाचण्यांत दिसलं, की हवेच्या नळ्यांतल्या गाळण्यांवर ओलाव्याचा बर्फ साचून वाट बंद होत होती. त्याच वर्षी सबसेफ नावाची कडक तपासणीची व्यवस्था सुरू झाली. माणसं असलेलं कवच आणि आणीबाणीत वर आणणारी यंत्रणा, या दोन गोष्टींतला प्रत्येक सांधा आणि प्रत्येक झडप यांची नोंद ठेवायची, असा तिचा गाभा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नाकाचा चेंदामेंदा झाला, पुढच्या टाक्या फाटल्या, पण आतलं दाबकवच अभंग राहिलं. कनेक्टिकटचंही तसंच. टक्कर पुढच्या भागानं झेलली. तिथे असतो सोनारचा घुमट, बाहेरून पाण्याचा आकार सांभाळणारा आणि आवाज आत येऊ देणारा. कनेक्टिकटचा घुमट गेला. म्हणजे माणसं वाचली, पण कान गेले, आणि कानांशिवाय पाणबुडीला पाण्याखाली काम नाही.

उघड्यावरचा आठवडा

यापुढचा भाग लष्करी दृष्टीनं मला जास्त बोलका वाटतो. अपघातानंतर कनेक्टिकट पाण्यावरून ग्वामला गेली. जिचा ठावठिकाणा कुणाला कळू नये म्हणून अब्जावधी डॉलर खर्चले, ती पाणबुडी आठवडाभर कुठल्याही उपग्रहाला, विमानाला, मासेमारी नावेला दिसू शकेल अशी चालली होती. टॉर्पेडो न वापरता, एकही गोळी न झाडता ती खेळातून बाद झाली होती.

राजकीय किंमतही वेगळीच. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयानं तपशील मागितले: कुठे घडलं, पाणबुडी तिथे काय करत होती, किरणोत्सर्ग गळला का, पाच दिवस का लपवलं. या प्रश्नांत प्रचार होताच. पण पाणबुडीच्या मोहिमेविषयी गप्प बसण्याचा नियम अपघातालाही लावला, की गप्प बसणाऱ्यावरच संशय येतो आणि ‘वस्तू’ या शब्दाभोवती हव्या तेवढ्या कथा रचता येतात. नौदल लवकर बोललं असतं तर निम्म्या कथा जन्मल्याच नसत्या, असं माझं मत. अर्थात, अपंग पाणबुडी उघड्यावरून चाललेली असताना तिचा पत्ता जाहीर करायला कोण तयार होईल, हाही प्रश्न आहेच.

4 नोव्हेंबरला सातव्या ताफ्याचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कार्ल थॉमस यांनी कप्तान, उपकप्तान आणि पाणबुडीवरचा सर्वांत ज्येष्ठ नौसैनिक या तिघांना पदावरून हटवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सान दिएगोत हीच पाणबुडी धक्क्यावर आपटली होती, ही नोंदही अहवालाच्या संदर्भात वाचली पाहिजे. तळाच्या डोंगराचं एकवेळ समजू शकतं. धक्का तर सगळ्यांना दिसत असतो. ढिलाई जुनी होती.

नाक कुठून आणायचं

शांत पाणबुडीच्या दुबळेपणावर लिहिताना लोक सहसा तिला शोधणाऱ्या साधनांकडे वळतात: कमी वारंवारतेचे सोनार, जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या सोनारमाळा, तळावर अंथरलेले कान, पाणबुडीशोधक विमानं. ती साधनं खरी आहेत आणि सुधारतही आहेत. पण कनेक्टिकटचा सर्वांत मोठा दुबळेपणा गोदीत उघड झाला.

सॅन फ्रान्सिस्को दुरुस्त झाली ती एका बहिणीमुळे. लॉस एंजेलिस वर्गाच्या 62 पाणबुड्या बांधल्या गेल्या होत्या. त्यांतली होनोलुलू तेव्हा निवृत्तीला आली होती. प्युजेट साउंडच्या गोदीत तिचं नाक कापून सॅन फ्रान्सिस्कोला जोडलं. खर्च आला साधारण आठ कोटी डॉलर, आणि ती पुन्हा कामाला लागली.

सीवुल्फ वर्गात कापायला बहीण नाही. तिसरी पाणबुडी, जिमी कार्टर, खास मोहिमांसाठी लांबी वाढवून वेगळी बांधलेली आहे. म्हणजे कनेक्टिकटसारखी फक्त सीवुल्फच, आणि तीही नौदलाला हवीच आहे. सुटे भाग बनवणारे कारखाने कधीच दुसऱ्या कामांना लागले आहेत. घुमट नव्यानं बनवून घ्यावा लागला. त्यातच अमेरिकी सरकारी गोद्यांत पाणबुड्यांची रांग आधीच लागलेली. शाबूत पाणबुड्यासुद्धा देखभालीची पाळी येईपर्यंत धक्क्याला बांधून पडतात. कनेक्टिकट डिसेंबर 2021 मध्ये सान दिएगोला आली, तेव्हाही पृष्ठभागावरूनच, आणि तिथून वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनला गेली. मुख्य दुरुस्तीसाठी तिला 2023 मध्ये कोरड्या गोदीत घेतलं, आणि परतण्याचा अंदाज 2026 च्या आसपासचा देण्यात आला. 29 च्या ताफ्यात एक पाणबुडी पाच वर्षं गेली असती तर वेळापत्रक थोडं हललं असतं. इथे तिघींतली एक गेली, आणि तिच्या वाट्याच्या मोहिमा उरलेल्या दोघींवर आणि नव्या व्हर्जिनिया वर्गावर पडल्या.